दहाची गाडी

रुपालीनं इंग्लिश काढलं की जनीचा विळा जोरात चालायचा. इतका, की सासू भागूबाई बांधावरून हटकायची, अगो हात कापशील, भात काय पळून जात नाय. भात पळत नव्हतं हे खरंच, पण आडवं झालं होतं. नवरात्र सरलं तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. दिवसभर डोकं तापवणारं ऊन, आणि चार वाजले की गणपतीपुळ्याच्या अंगानं आभाळ काळं भरून यायचं. पिकलेल्या लोंब्या चिखलात लोळायला लागल्या होत्या. वाडीत कापायला माणूस मिळत नव्हता, जो तो आपापल्या भाताच्या मळीत वाकलेला.

घरात कापणाऱ्या तिघी. भागूबाईचे गुडघे गेलेले, ती बसून बसून सरकायची. थोरली सून जनी, जिचा नवरा आत्माराम मुंबईला कॅन्टीनमध्ये होता आणि गणपतीशिवाय उगवत नव्हता. आणि धाकटी रुपाली, लग्नाला तीन वर्षं झालेली, बारावी पास. तिचा नवरा हर्षद पुळ्याला पर्यटकांची गाडी चालवायचा आणि रोज रात्री घरी यायचा. रोज घरी येतो, एवढ्यावरूनही जनीच्या पोटात दुखायचं. पण ते जुनं दुखणं, त्याची सवय झाली होती.

नवं दुखणं इंग्लिशचं. पुळ्याच्या रस्त्याला एक इंग्लिश मीडियमची बालवाडी नव्यानं निघाली होती आणि तिथं बाई पाहिजे होती. त्यासाठी लेखी आणि तोंडी परीक्षा होती. रुपालीचं बाकी सगळं जमत होतं, पण डिटर्मिनरपाशी तिची गाडी रुतायची. अ, ॲन, द. धिस, दॅट. माय, युवर. सम, एनी. मेनी, मच. नाम आलं की त्याच्या पुढ्यात यातलं काहीतरी यायला हवं, असं मोबाईलमधली बाई सांगायची, आणि कुठं काय ते सांगताना फार गोड हसायची. मग रुपाली भात कापता कापता समोर दिसेल त्याला इंग्लिश लावायची. धिस फील्ड. दॅट ट्री. माय हॅन्ड. मुठीत भाताचा चूड, ओठांवर हे. मूठ आपटली की थांबायची, पुन्हा वाकायची, पुन्हा सुरू.

एकदा जनीनं टोचायचं म्हणून टोचलं. म्हणाली, "आमची गाय आली की नुसती आली. तुझ्या सायबाची गाय पुढं माणूस घेतल्याबिगर फिरत नाय काय गो?"

रुपालीला राग यायला हवा होता. ती कमरेवर हात ठेवून खळखळून हसली. वयनी, हे ध्यानात ठेवते, असं राहणार माझ्या डोक्यात, म्हणाली. भागूबाईसुद्धा हसली. जनीचं बोलणं वाया गेलं, वर त्यातून रुपालीचाच फायदा झाला. असल्या बाईशी भांडावं तरी कसं? जी चिडत नाही ती जास्तच डोक्यात जाते.

तरी इंग्लिशही जनीनं गिळलं असतं. गिळता येत नव्हती ती संस्कृती.

संस्कृती जनीची एकुलती एक. आठवीत होती. अंगानं उफाड्याची, बोलायला फटकळ, आईसारखी. गेल्या वर्षापर्यंत शाळेतून आली की दप्तर टाकून आधी जनीला हुडकायची. गोठ्यात असेल तर गोठ्यात, नदीवर असेल तर नदीवर. आता यायची ती सरळ काकीकडं. संध्याकाळी पडवीत दोघी समोरासमोर बसायच्या. पोर मास्तरीण व्हायची आणि काकी विद्यार्थिनी. भाताला मेनी का मच? मच, कारण दाणे कोण मोजत बसणार. मग भाऱ्यांना? भाऱ्यांना मेनी. पाण्याला? मच. बैलांना? मेनी. चुकलं की संस्कृती काकीच्या मांडीवर चापट मारायची आणि दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या.

जनी आत भाकऱ्या थापत असायची. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानात जायचंच. कधी कधी रुपाली अडली की उत्तर जनीच्याच जिभेवर यायचं, मच. भाकरी तव्यावर टाकताना ती ते गिळून टाकायची. आपल्याला येतंय याचा आनंद होण्याऐवजी तिला स्वतःचीच चीड यायची.

आणि त्यातच आत्मारामचा फोन आला. रुपालीला नोकरी लागली तर हर्षद पुळ्याला खोली बघणार, हे जनीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की संस्कृतीलाही ते घेऊन जाणार आणि तिकडच्या शाळेत घालणार. सगळं ठरलं होतं. दिराला माहीत, सासूला माहीत, पोरीला माहीत, मुंबईत बसलेल्या नवऱ्याला माहीत. आत्माराम म्हणाला, पोरीचं भलं होतंय, वाडीत राहून काय भारे वाहायचेत तिनं? जनी बरं म्हणाली. मग फोन ठेवून गोठ्यात गेली आणि शेण काढलेली जागा पुन्हा एकदा झाडून काढली.

परीक्षा शनिवारी होती. भागूबाईनं शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला सगळं लावून दिलं. कापलेलं भात दोन दिवस मळीत वाळत पडलं होतं. मोबाईलवर वादळाचा मेसेज आला होता, शनिवारी संध्याकाळी जोरात पाऊस. तेव्हा शनिवारी सकाळपासून भारे खळ्यावर आणायचे, झोडता येईल तेवढं झोडायचं, उरलेल्या भाऱ्यांची उडवी रचून वर ताडपत्री टाकायची. जनी भारे आणील, मी बसल्या बसल्या झोडीन, म्हणाली. रुपालीनं दहाच्या गाडीनं परीक्षेला जावं. हर्षदला रत्नागिरीचं भाडं होतं, भाट्याच्या किनाऱ्याला पाहुण्यांना फिरवायचं, तो पहाटेच निघणार होता. दहाच्या गाडीनंतर थेट दुपारची गाडी, ती काय कामाची नव्हती.

जेवण झाल्यावर पडवीत शेवटची उजळणी चालली. जनी भांडी घासून पदराला हात पुसत बाहेर आली. तिला काय वाटलं कोण जाणे, कोपऱ्यातला विळा उचलून तिनं पोरीसमोर धरला आणि म्हणाली, "अ इळा. बरोबर काय?"

तिला पोरीला हसवायचं होतं. त्या हसण्यात तिलाही बसायचं होतं, एवढंच.

संस्कृतीनं पुस्तकातून वर बघितलंसुद्धा नाही. "मम्मी, तू नको ना मधी बोलूस. काकीला डिस्टर्ब होतंय."

अगो असू दे, बरोबर म्हणतायत त्या, असं रुपाली म्हणाली. ते तर जास्तच लागलं. जनीनं विळा जागेवर ठेवला आणि आत जाऊन पडली. भिंतीपलीकडून पोरीचा आवाज येत होता. काकी, खोलीत मी खिडकीजवळ झोपणार हां, आतापासून सांगून ठेवतेय.

सकाळी जनी चुलीपाशी गेली नाही. तिनं गोणपाट उचलला, आपलं कांबळं उचललं आणि पडवीच्या टोकाला, जिथं बाजूला झालेल्या बायका बसतात, तिथं जाऊन बसली. खुंटीवर तिची त्या दिवसांची पिशवी होतीच, खाली वेगळं ताट-तांब्या होता. काही सांगायची गरज नव्हती. भागूबाई दात घासत आली आणि तिला तिथं बघून जागच्या जागी थांबली.

"आजच?"

"माझ्या हातात हाय काय ते?" जनी म्हणाली.

या घरात बाकी बरंच सैल झालं होतं. बाजूला असलेली बाई मळीत कापायला जायची, गोठ्यात जायची, कोणी काही म्हणत नव्हतं. पण खळ्याचं तसं नव्हतं. खळं सारवून मधे नारळ ठेवला, की भात घरात येईस्तोवर तिथं चपला घालून कोणी जात नसे आणि बाजूला असलेली बाई त्या भाऱ्याला हात लावत नसे. भागूबाईच्या सासूनं पाळलं, तिनं पाळलं, सुनांनी पाळलं. या बाबतीत कोणी कोणाला कधी खोटं ठरवलं नव्हतं. खोटं कोणी बोललंच नव्हतं.

भागूबाईनं आभाळाकडं बघितलं. पश्चिमेला आत्ताच काळपट दिसत होतं. ती आत गेली.

रुपाली न्हाऊन तयार झाली होती. इस्त्रीचा पिवळा ड्रेस, केसांना क्लिप. आत सासूचं तिच्याशी काय बोलणं झालं ते जनीला ऐकू आलं नाही. तिनं कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, पण सासू हळू बोलत होती. मग रुपाली बाहेर अंगणात आली, मोबाईल कानाला लावून. मॅडम, सोमवारी नाय का चालणार, असं दोनदा विचारलं. बरं, म्हणाली. शेजारी गंगाकाकूकडं माणूस मागायला जाऊन आली, त्यांचीही मळी अर्धी उभीच होती. परत आली ती आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर कालचीच चिखलाची साडी होती, कासोटा मारलेला आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

जाता जाता जनीसमोर लांब उभी राहिली. "वयनी, लय दुखताय काय? ओव्याचा पाणी करून ठेवलाय. संस्कृती देईल."

जनीनं नुसती मान हलवली. आता जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, रुपालीची पाठ बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत.

पहिला भारा खळ्यावर येऊन पडला तेव्हा नऊ वाजून गेले असतील. भागूबाई बाकावर पेंढी आपटायला बसली होती, दाणे खळ्यावर उडत होते. रुपाली परत वळली. आज धिस नाही, दॅट नाही, काही नाही. जनीला ती गप्प बसलेली मळीच जास्त ऐकू यायला लागली.

तेवढ्यात न्हाणीतून संस्कृतीनं हाक मारली. काकी, अशी. दुसऱ्यांदा मारली, तीही काकी अशीच. रुपाली मळीत होती, तिला कुठलं ऐकू जायला? तिसऱ्या हाकेला भागूबाई कमरेवर हात देत उठली आणि न्हाणीच्या दारापाशी गेली. बाहेर आली ती हसत.

"जने, पोर शहाणी झाली तुझी."

संस्कृती मागून आली. चेहरा उतरलेला, फ्रॉकची मागची बाजू मुठीत धरलेली. भागूबाईनं तिला पडवीकडं बोट दाखवलं. जा, आईकडं बस, चार दिवस दोघी एका जागी राहा, तिला सगळं ठाऊक आहे ती सांगेल. आणि म्हातारी घाईघाईनं खळ्यावर परतली, कारण वारं सुटलं होतं.

पोर आली आणि जनीच्या कुशीत शिरली. काही न विचारता, लहानपणी ताप आला की शिरायची तशी. जनीनं तिला दोन्ही हातांनी धरलं. पोरीच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि घामाचा वास येत होता. दुखतंय मम्मी, म्हणाली. दुखतं, मग थांबतं, जनी म्हणाली. किती दिवसांनी ही पोर अशी जवळ आली होती. चार दिवस इथंच, याच गोणपाटावर, काकी तिकडं आणि आपण इकडं. जनीला देव पावल्यासारखं झालं. आपण जे केलं ते बरंच केलं असं तिला त्या घटकेला वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

"खुंटीवरची पिशवी घे," ती म्हणाली. "त्यात हाय. दाखवते कसं लावायचं ते."

संस्कृती उठली. पिशवीत हात घातला आणि पॅडचा पुडा बाहेर काढला. पुडा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. तो तिनंच आणला होता, आठवड्यापूर्वी, दुकानातून वर्तमानपत्रात गुंडाळून. आधीचा संपला म्हणून जनीनंच तिला पाठवलं होतं. पुडा चिकटवलेला होता तसाच होता. कडेची पट्टीसुद्धा सुटली नव्हती.

पोरीनं पिशवी उलटी करून बघितली. त्यात दुसरं काही नव्हतं. मग तिनं गोणपाटाकडं बघितलं, ताट-तांब्याकडं बघितलं, आणि शेवटी आईकडं. जनीला काहीतरी बोलायचं होतं. कापड घेतलंय, असं म्हणता आलं असतं. पण दोरीवर कापडही नव्हतं, आणि पोर सगळं बघत होती.

रुपाली मळीतून दुसरा भारा घेऊन येत होती. भारा डोक्यावर, मान आत गेलेली, पाय चिखलात घोट्यापर्यंत. खळ्याच्या कडेला आली, चिखलाचे पाय धोंड्यावर घासले आणि मग आत पाऊल टाकलं.

संस्कृतीनं घरातल्या घड्याळाकडं बघितलं. आवाज खाली आणून म्हणाली, "मम्मी, गाडी अजून यायचीय."

एवढंच म्हणाली. यापेक्षा जास्त काही म्हणायची गरज नव्हती. जनीनं उठायचं होतं, पडवीच्या पायऱ्या उतरायच्या होत्या आणि खळ्यावर जाऊन रुपालीच्या डोक्यावरचा भारा आपल्या डोक्यावर घ्यायचा होता. सासूनं काय म्हटलं असतं? दोन शिव्या दिल्या असत्या, झाडू उचलला असता. चार दिवसांत वाडीभर झालं असतं, जनी जावेच्या नोकरीवर जळली म्हणून देवाच्या खळ्याशी खोटं बोलली. नदीवर बायका हसल्या असत्या. आणि रुपाली पिवळा ड्रेस घालून गाडीत बसली असती, पास झाली असती, आणि दिवाळीनंतर ही पोर तिकडं खिडकीजवळ झोपली असती.

जनीचा एक हात उठायला म्हणून जमिनीवर टेकला. टेकलेलाच राहिला.

खिंडीत गाडीचा हॉर्न वाजला. वळणावर एकदा, मग पारापाशी एकदा. खळ्यावर रुपाली पेंढी हातात धरून क्षणभर उभी राहिली, रस्त्याच्या बाजूला तोंड करून. मग तिनं पेंढी बाकावर आपटली. गाडी थांबली, सुटली, आणि तिचा आवाज उताराला लागला.

संस्कृतीनं पुडा फाडला. आपणच, आडोशाला जाऊन, कसंबसं लावून आली. जनी दाखवते म्हणाली तर नको म्हणाली. आली ती गोणपाटाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"मी कोणाला सांगणार नाय," ती म्हणाली. "पण तू माझ्याशी बोलू नको."

पाऊस संध्याकाळी मेसेजात म्हटल्याप्रमाणं आलाच. पण तोवर शेवटचा भारा उडवीवर चढला होता आणि रुपाली ताडपत्रीच्या दोऱ्या धोंड्यांना बांधत होती. तिचे खांदे सालटले होते, मानेवर लोंब्यांनी ओरखडे उठले होते. रात्री हर्षद आल्यावर भागूबाई त्याला सांगत होती, ही होती म्हणून वर्षाचं भात घरात आलं, सोन्यासारखी पोर मिळाली तुला. जनीनं पडवीतून ते ऐकलं. आजवर तिनं या घरात भारे वाहिले होते, तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हणजे इथंही रुपालीच पुढं गेली, आणि जनीनंच तिला पुढं केलं होतं.

बालवाडीनं दुसरी बाई घेतली, हे तिसऱ्या दिवशी कळलं. रुपाली आत जाऊन थोडा वेळ रडली असावी. पण संध्याकाळी पडवीच्या खालच्या पायरीवर, शिवायला नको इतकं लांब, येऊन बसली. माझं गेलं तर गेलं, तुझी सहामाही आलीय, संस्कृतीला म्हणाली. आणि दोघींचं पुन्हा सुरू झालं. सम राइस. एनी वॉटर. मेनी बुक्स. वरच्या टोकाला पोर, खालच्या पायरीला काकी, आणि मधे जनी. प्रश्न तिच्या डोक्यावरून जायचे, उत्तरं तिच्या डोक्यावरून यायची. मधेच रुपाली विचारायची, वयनी, आता बरं वाटताय काय? जनी होय म्हणायची. संस्कृती तेव्हा पुस्तकात बघत बसायची.

जनीला जे हवं होतं ते मिळालं होतं. पोर पुळ्याला जाणार नव्हती. रात्रंदिवस एका गोणपाटावर होती. आईकडं पाठ करून झोपायची.

चौथ्या दिवशी न्हायचं. मोठा हंडा चुलीवर चढला. पोर पहिल्यांदा बाजूला बसलेली, म्हणून भागूबाईनं नव्या भाताची ओटी काढून ठेवली होती, हिरव्या बांगड्या आणवल्या होत्या. असल्या वेळी पोरीच्या डोक्यावरून पहिला तांब्या आईनं घालायचा असतो. जनी स्वतः आधी न्हाली, केस ओले असतानाच तांब्या घेऊन न्हाणीच्या दारात आली. चार दिवस ती या एका तांब्याची वाट बघत होती. डोक्यावरून पाणी पडलं की पोर विरघळेल, असं तिला वाटत होतं.

संस्कृती न्हाणीतल्या दगडावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिनं आईकडं बघितलं, मग आजीकडं.

"आजी, काकी घालू दे पाणी."

भागूबाई म्हणाली, अगो, आई असताना? संस्कृती म्हणाली, मला काकीच पाहिजे. आवाज चढवला नाही, हट्ट केला नाही. फक्त पुन्हा आईकडं बघितलं, आणि त्या बघण्यात सगळं होतं. उडवी, पुडा, दहाची गाडी. जनीनं एक शब्द जरी काढला असता तर पोर पुढचं बोलली असती.

जनीनं तांब्या रुपालीच्या हातात दिला. तुम्हीच घाला ओ वयनी, पोर काय बोलते ते मनावर घेऊ नका, असं रुपाली म्हणत राहिली, अगदी अवघडून गेली. जनी म्हणाली, घाल तू. आणि बाहेर येऊन हंड्यापाशी उभी राहिली.

आत पाणी पडल्याचा आवाज झाला. पोर शहारली असावी, कारण रुपाली हसली आणि म्हणाली, हॉट वॉटर, मच हॉट वॉटर. चुकलीस, व्हेरी हॉट म्हणतात, असं पोर म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

भागूबाई ओटीचं सूप घेऊन आली. जनीच्या तोंडाकडं बघून थांबली.

"रडतेस काय गो? पोर मोठी झाली म्हणून?"

"व्हय, आये," जनी म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं, हंड्यातलं कढत पाणी बादलीत ओतलं आणि बादली न्हाणीच्या दाराबाहेर ठेवली.